पश्चिमेकडील खोली

रवि. १२ जानेवारी

उपासनेनंतर पंचकमिटीची सभा, ११.४० ते १२.५५. ठराव एकमताने मंजूर: चर्चच्या मुख्य इमारतीला पश्चिमेकडे जोडलेली खोली उतरवून त्या जागी सभागृह वाढवावे. शंभर माणसे अधिक बसतील. ठरावाची भाषा माझी. ‘पाडणे’ काढून ‘उतरवणे’ घातले. पाळकसाहेब म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, जेसीबीला तो फरक कळेल का?” वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण प्रश्न नेमका विचारतात.

जेसीबी सोम. १७ फेब्रु. रोजी. नाताळापूर्वी काम पूर्ण.

गरज निर्विवाद. गेल्या नाताळात अर्धी मंडळी मांडवात होती. साध्या रविवारीही दहा-बारा खुर्च्या बाहेर टाकाव्या लागतात, आणि उन्हाळा काही फार दूर नाही. आज एस्तेरबाईसुद्धा बाहेर बसल्या होत्या. वय नव्वदीच्या आसपास. त्यांचे यजमान हयात असताना चाळीस वर्षे इथली घंटा वाजवत. मी म्हणालो, “पुढच्या नाताळात तुम्ही आत, पंख्याखाली.”

“कोणतं पाडून राहिले गा?”

पश्चिमेकडील खोली, असे सांगितले. माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि काठी शोधू लागल्या. ऐकू आले नसावे.

ठरावात माझ्या पुस्तिकेचा आधार दिला आहे. पृ. ७: ‘पश्चिमेकडील खोली हा मूळ चर्चला नंतर जोडलेला भाग असून त्यास विशेष महत्त्व नाही.’ चर्चच्या महोत्सवासाठी हे लिहिले तेव्हा मी चोवीस वर्षांचा, नुकता बी. कॉम. बत्तीस वर्षांनी वाचले. एकही शब्द बदलावासा वाटला नाही. समाधान.

बुध. १५ जानेवारी

संक्रांतीचे तीन पतंग घंटेच्या मनोऱ्यावर अडकलेले. एक हिरवा, दोन लाल. उतरवण्याची घाई नाही, शोभतात.

वखारीत दिवसभर मापे. शेठजींनी एका नव्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून दिली, “इनकी आँख ही टेप है.” लकडगंजात एकतीस वर्षे सागाचे ओंडके पाहतो आहे, नजरेने सांगितलेल्या मापात फारशी चूक निघालेली नाही. इथे लिहून ठेवतो, कारण स्वतःच्या तोंडाने बोलणे बरे दिसत नाही.

शनि. १८ जानेवारी

खोलीतले हार्डबोर्डचे छत उतरवले. रविवारच्या शब्बाथशाळेच्या मुलांनी चिकटवलेल्या कागदी चांदण्यांसकट. त्या छताच्या वर काय आहे हे माझ्या हयातीत कोणी पाहिलेले नव्हते. साग पुन्हा वापरता येईल का हे ठरवण्यासाठी मी स्वतः शिडीवर.

साग उत्तम. पण करवतीने कापलेला नाही. प्रत्येक तुळई सुताराच्या वाकसाने, हाताने तासलेली. हात फिरवला की माशाच्या खवल्यांसारखे उथळ खळगे बोटांना लागतात. खाली उतरून मोठ्या चर्चचे छप्पर टॉर्चने पाहिले. तिथे सगळे सरळ, सपाट, करवतीच्या रेघा स्पष्ट.

दोन्ही बांधकामे राणीच्या अमदानीतली, याबद्दल वाद नाही. परंतु वाकसाने तासणे ही रीत सर्वसाधारणपणे आधीची, करवत नंतरची.

सर्वसाधारणपणे. खोली साधी, म्हणून कामही साधे, असेही असू शकते. असेच असावे.

मात्र साग हाच माझा व्यवसाय, आणि बत्तीस वर्षांत मोठ्या चर्चमध्ये बसून मी एकदाही वर पाहिले नाही, ही नोंद राहू द्यावी.

शुक्र. २४ जानेवारी

दगडकामासाठी धनराज मिस्त्री आले, नरखेडकडचे. खोलीच्या दाराची घडीव कमान सुटी करून ठेवायची आहे, तेवढ्यापुरते बोलावले. भावाची संत्र्याची बाग आहे. येताना पिशवीभर संत्री. पाळकसाहेब म्हणाले, “सलाम.” ते म्हणाले, “जय भीम.” मग दोघे चहाला गेले आणि काम अर्धा तास उशिरा सुरू झाले.

खोलीची भिंत मोठ्या चर्चच्या भिंतीला जिथे भिडते, तिथला बाहेरचा गिलावा त्यांनी हातभर सोलला. मग मला हाक.

“साहेब, हे खोली नंतरची हाय म्हणून कोणं सांगतलं तुम्हाले?”

“पुस्तिकेत आहे.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

ते म्हणाले, “असं असं. मंग पाहा बरं इथं.”

खोलीचा कोपरा. पायापासून हात पोहोचेल तिथवर घडीव दगड, एक लांब, एक आखूड, एक लांब. प्रत्येकाची कड नीट तासलेली. मोठ्या चर्चची भिंत या कोपऱ्याला येऊन नुसती टेकली आहे.

“कोपरा उघडा राहाचा असते ना साहेब, तवाच माणूस त्याले असा घडवते. झाकाचा असन तं कोण एवढी मेहनत करते? ज्याचा कोपरा पुरा, थो आधीचा. मोठं दिसते थे धाकटं हाय.”

तपासून पाहू, एवढेच म्हणालो. गवंड्याचे मत हे मत आहे, पुरावा नव्हे. त्यांनी एक संत्रे सोलून हातावर ठेवले. गोड होते.

रवि. २६ जानेवारी

ध्वजवंदन ८.००, उपासना ९.३०. दोन्ही वेळेवर.

रॉबिन पवार पंचांपैकी एक, शिवाय शाळेपासूनचा मित्र. त्याच्या मुलीचे, ग्रेसचे लग्न डिसेंबरात ठरले आहे, वाढवलेल्या चर्चमध्ये. पत्रिकेवर चर्चचा फोटो हवा म्हणून मोबाइल घेऊन आवारभर फिरत होता. “मनोहर, पश्चिमेकडून नको घेऊ ना यार? थे खोलडं येते मधात.” मी “नको” म्हणालो.

घरी येऊन पृ. ७ चा आधार पुन्हा वाचला. मोठ्या चर्चच्या पूर्व भिंतीत इंग्रजी शिळा आहे. ‘या देवळाची पहिली शिळा’ असे तिच्यावर कोरले आहे. पहिली म्हणजे पहिली. शिळा मोठ्या चर्चमध्ये, अर्थात मोठे चर्च आधीचे. तर्कात दोष दिसत नाही.

धनराजांचा कोपरा मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

बुध. २९ जानेवारी

वखारीतून दुपारी रजा घेतली. एकतीस वर्षांत अशा रजा फार थोड्या.

खोलीच्या दारावरचा गिलावा काढताना आत एक चौकट सापडली. भिंतीत कोरलेला चौकोनी खळगा, नंतर कोणीतरी विटांनी भरून टाकलेला. धनराज म्हणाले, “इथं पाटी होती साहेब. काढून नेली कोणतरी.” विटा काढायला लावल्या. माप घेतले: रुंदी २ फूट १ इंच ३ सूत, उंची १ फूट ४ इंच २ सूत.

टेप न गुंडाळता तसाच हातात धरून पूर्व भिंतीशी गेलो. इंग्रजी शिळा: रुंदी २ फूट १ इंच, उंची १ फूट ४ इंच. दोन्हीकडे दोन-तीन सुतांचीच, म्हणजे पाव इंचाच्या आसपास फट, चुन्यापुरती.

तीन वेळा मोजले. मग पहिल्या बाकावर बसलो.

शिळा खोलीची होती. चर्च वाढवले तेव्हा त्यांनी ती मानाने नव्या भिंतीत नेऊन बसवली. आपणही तसेच केले असते. म्हणजे जी ‘खोली’ मी बत्तीस वर्षे सगळ्यांना ‘नंतरची’ म्हणून दाखवत आलो, तेच मूळ चर्च. लहान, साधे, वाकसाने तासलेल्या तुळयांचे. आणि ज्यात आपण बसतो ते त्याचे वाढीव काम.

आणि १७ तारखेला जेसीबी येणार, तो माझ्या वाक्याच्या आधारावर.

टेप गुंडाळायला धनराजांनी मदत केली. मग म्हणाले, “चहा?” एवढेच.

शनि. १ फेब्रुवारी

एस्तेरबाईंकडे गेलो. बत्तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या टिपणवहीत त्यांच्या नावापुढे दोन शब्द आहेत: ‘ऐकीव. वगळले.’ काय वगळले, ते लिहिलेले नाही. म्हणून विचारायला.

त्या पलंगावर, पाय खाली सोडून. “ये गा मनोहर. भिताडाले टेकून नको बसू, ओल हाय.”

विचारले. त्या हसल्या. दात दोनच, पण हसू पुरे.

“मी तवाच सांगतलं होतं तुले. माह्या आजेसासूचं लगन त्या लहान्या देवळात लागलं. मोठं तवा नव्हतंच ना. मंग मोठं बांधाले घेतलं तं तिनं दगडाचे टोपले वाहिले, पोटात माहा सासरा. सासरा म्हणे, मी पैदा व्हाच्या आंधीपासून या देवळाच्या कामाले हाव.” मग बोट माझ्याकडे. “तू लिहून घेत होता. पेन थांबवला अन् म्हणला, बाई, कागद आहे का?”

मी तसे म्हटले असणार. माझेच वाक्य.

“मग त्या रविवारी, पाडणार म्हणून सांगितले, तेव्हा का बोलला नाहीत?”

“मले वाटलं, तुले ठाऊक असन. शिकलेला तू. पाहूनच पाडून राहिले असतीन म्हटलं.”

मी उठलो.

निघताना माझ्या पुस्तिकेची चौकशी केली. एक प्रत त्यांच्या यजमानांना मी स्वतः दिली होती. त्यांनी काठीने लाकडी कपाटाकडे दाखवले. पुढच्या डाव्या पायाखाली घडी घालून बसवली आहे. “कपाट डुगडुगे. त्यानं भल्लं काम केलं बापा, इतके वर्षं.”

मंगळ. ४ फेब्रुवारी

सौ.ला सांगितले. पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले नाही.

“मग सांगून टाका ना रविवारी.”

मी म्हणालो, प्रश्न इतका सोपा नाही. ठराव मंजूर आहे. बिशपसाहेबांच्या कार्यालयाची संमती आली आहे, तीही पृ. ७ चा हवाला देऊन. रॉबिनच्या घरचे लग्न आहे. मंडळी उन्हात बसते. आणि बत्तीस वर्षे लोक काहीही विचारायचे असले की म्हणतात, मनोहरभाऊंना विचारा, ते चुकत नाहीत.

“कोण म्हणतं?”

“लोक.”

“मी नाही म्हणत.” पोळी तव्यावर. “आपल्या लग्नात पाहुण्यांना नागपूर स्टेशनवर उतरायला सांगायचं होतं. तुम्ही इतवारी स्टेशन लिहिलं. माझे मामा अजून सांगतात.”

इतवारीची गोष्ट खरी आहे. विसरलो होतो. आश्चर्य म्हणजे आठवल्यावर बरे वाटले.

यापुढे या वहीत ‘खोली’ हा शब्द बंद. जुने चर्च.

रवि. ९ फेब्रुवारी

पंचकमिटीची विशेष सभा, माझ्या विनंतीवरून. मी निवेदन लिहून नेले होते, दीड पान. तुळया, कोपरा, शिळा, या क्रमाने. शेवटी: ‘पृ. ७ वरील विधान चुकीचे आहे. चूक सर्वस्वी माझी. उपलब्ध माहिती मी कागद नाही म्हणून वगळली होती.’ वाचताना आवाज नीट राहिला.

मग रॉबिन.

“म्हणजे बत्तीस वर्षं आम्ही उलटं चर्च दाखवून राहिलो लोकायले? मी तं होणाऱ्या जावयाले दाखवलं! परवा! पान सात तोंडपाठ म्हणून दाखवलं त्याले!”

कोणीतरी हसले. मग सगळेच, रॉबिन सोडून. तो खरा रागावला होता. “हसू नका. माह्या पोरीचं लगन हाय डिसेंबरात. चारशे माणूस. कुठं बसवू? तुह्या सुतात?”

त्याचे चूक नाही. मी तसे म्हणालोही. जुने चर्च वाचवले म्हणून बाहेरच्या खुर्च्या आत येत नाहीत.

पाळकसाहेबांनी विचारले, “भाऊ, पूर्ण खात्री?” मी म्हणालो, मागच्या वेळी होती त्याहून कमी, पण या वेळी तीनही ठिकाणी हात लावून पाहिले आहे.

मग सगळे उठून तिकडे गेले. धनराज मिस्त्री रविवारी मुद्दाम थांबले होते. त्यांनी रॉबिनचा हात धरून कोपऱ्याच्या कडेवरून फिरवला. “साहेब, हे कड पाहा. झाकाच्या दगडाले असं कोण करते?” रॉबिन फर्निचरच्या दुकानाचा मालक आहे; कड कशाला म्हणतात ते त्याला सांगावे लागत नाही. हात काढायला त्याने वेळ घेतला. म्हणाला, “तरी पण चारशे.”

ठरले: जेसीबीची तारीख एक महिना पुढे, सोम. १७ मार्च. वाढीव काम पश्चिमेऐवजी उत्तरेकडे, सायकल स्टँडच्या जागेवर करता येईल का, याचा नकाशा आर्किटेक्टकडून. त्यासाठी बिशपसाहेबांच्या कार्यालयाची नवी संमती लागेल. ती १७ मार्चपर्यंत न आल्यास जुना ठराव कायम. ही शेवटची अट रॉबिनची. मी स्वतःच ती इतिवृत्तात लिहिली, कारण ती रास्त आहे.

गुरु. १३ फेब्रुवारी

जुन्या आणि मोठ्या चर्चच्या मधल्या भिंतीत धनराजांनी एक कमान शोधून काढली. गिलाव्याखाली घडीव दगड, मध्ये विटा भरलेल्या. विटा नंतरच्या, त्या काढल्याने काही बिघडत नाही. पाळकसाहेबांची तोंडी परवानगी, मग माझ्या आग्रहाने लेखी.

चार वाजेपर्यंत वरचा अर्धा भाग मोकळा. मी जुन्या चर्चमध्ये उभा होतो. विटांची एक ओळ खाली आली आणि समोर, मोठ्या चर्चच्या पार दुसऱ्या टोकाला, वेदीवरचा क्रूस दिसला. बरोबर मधोमध. ज्यांनी चर्च वाढवले त्यांनी जुन्या दारात उभे राहून दोरी धरली होती, हे उघड आहे. एका सुताचाही फरक नाही.

त्या माणसाचे नाव कुठे लिहिलेले नाही. कागद नाही. पण माणूस नेमका होता. ओळख झाल्यासारखे वाटले.

सोम. १७ फेब्रुवारी

आज जेसीबी आला नाही. उत्तम.

शनि. २२ फेब्रुवारी

शुद्धिपत्र छापून आले; दोन बोटे रुंदीची पट्टी, पृ. ७ वर चिकटवायची. ‘पश्चिमेकडील भाग हेच मूळ चर्च होय.’ दुसरे वाक्य सौ.ने सुचवले, आणि ते घेतले: ‘त्यास विशेष महत्त्व आहे.’

आज अकरा घरे. पुस्तिका कुठे असतील ते माझ्या जुन्या वाटपयादीत आहे. डिंक आणि पट्टी मी बरोबर नेतो. लोकांवर सोडले तर तिरपी चिकटवतील. प्रत्येक घरी चहा. सहा नाकारले, पाच घेतले. एका घरी सूनबाई म्हणाल्या, “काका, एवढ्या एका ओळीसाठी आला? व्हॉट्सॲपवर टाकलं असतं ना.” टाकता आले असते. पण चूक घरोघरी मी स्वतः नेऊन दिली होती.

रॉबिनकडेही गेलो. दार उघडले, काही न बोलता पुस्तिका आणून दिली, काही न बोलता परत घेतली. ग्रेसने चहा आणला, तो घेतला.

शेवटी एस्तेरबाई. कपाट उचलल्याशिवाय पुस्तिका निघेना. उचलले, काढली, पट्टी लावली; कपाट डुगडुगू लागले. “आता काय करू?” त्या म्हणाल्या. “तुही चूक दुरुस्त झाली, माहं कपाट बिघडलं.”

मंगळ. २५ फेब्रुवारी

वखारीतून सागाचा एक तुकडा, घडी केलेल्या पुस्तिकेच्या जाडीचा, रंधा मारून नेला. कपाट स्थिर. पुस्तिका आता त्यांच्या उशाशी, बायबलाच्या खाली. “वाचतो रोज पान सात,” म्हणाल्या. “एकच ओळ हाय, पण बरी हाय.”

बुध. ५ मार्च

राखेचा बुधवार. उपवासकाळाची पहिली उपासना जुन्या चर्चमध्ये घेतली. कमान पूर्ण मोकळी. आत त्रेचाळीस माणसे, दाटीने. उरलेली मंडळी मोठ्या चर्चमध्ये, पाळकसाहेब कमानीत उभे. आवाज दोन्हीकडे सारखा पोहोचला.

एस्तेरबाई दाराजवळच्या खुर्चीत, आत. पाळकसाहेबांनी कपाळावर राखेची खूण केली. त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने भिंत चाचपली. मग हात तिथेच ठेवला, उपासना संपेपर्यंत. कोणाला काय आठवत असेल हे विचारू नये.

बाहेर आज एकही खुर्ची नव्हती. रॉबिनने ते मोजले असणार, कारण बाहेर पडताना म्हणाला, “बुधवार हाय आज. रविवारी पाहू.” बोलला, हे महत्त्वाचे.

शनि. ८ मार्च

बिशपसाहेबांच्या कार्यालयाचे पत्र. सभ्य, नीट मांडलेले. मी लिहिले असते तर साधारण असेच लिहिले असते. उत्तरेकडील नकाशाला तत्त्वतः हरकत नाही. परंतु आधीची संमती छापील इतिहासाच्या आधारे दिली असल्याने ती बदलण्यासाठी पश्चिमेकडील भाग मूळ असल्याचा ‘लेखी पुरावा’ पाठवावा. पुरावा पाहून निर्णय कळवू. शक्यतो १७ तारखेपूर्वी.

दोनदा वाचले. लेखी पुरावा.

बाई, कागद आहे का?

रागही आला नाही, हसूही थोडे उशिरा आले. जुने चर्च बांधणाऱ्यांनी काय लिहून ठेवले ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे एक ओळही नाही. आहे ती शिळा, तिची चौकट, कोपरा आणि एक बाई.

रवि. ९ मार्च

उपासनेनंतर एस्तेरबाईंकडे, कोरे कागद घेऊन. पाळकसाहेब साक्षीदार म्हणून. रॉबिनही आला, मी बोलावले नव्हते. दारातच उभा राहिला.

त्यांनी सांगितले, मी लिहिले. त्यांच्या शब्दांत, एकही शब्द ‘शुद्ध’ केला नाही, हे मला जड गेले. ‘माह्या आजेसासूचं लगन त्या लहान्या देवळात लागलं.’ तसेच लिहिले. टोपल्यांचे लिहिले. पोटातल्या सासऱ्याचे लिहिले. मध्ये एकदा पेन थांबला.

“काहून थांबला? कागद संपला काय?”

“नाही, बाई. सांगा.”

वाचून दाखवले. त्यांनी एक दुरुस्ती केली: आजेसासूने टोपले डोक्यावर नाही, कमरेवर वाहिले, पोट होते म्हणून. रॉबिन दारातून म्हणाला, “दगडाचं टोपलं, कमरेवर?”

“मंग काय तुह्या डोक्यावर?”

तो आत येऊन बसला.

अंगठा नको म्हणाल्या. सही. ए, स्ते, र; तीन अक्षरांना चार मिनिटे. मग पाळकसाहेब, मग मी. रॉबिनने पेन मागितला. “साक्षीदार तीन असले तं बरं,” म्हणाला. “माहं मत बदललं असं समजू नको. हॉल मोठा पाहिजेच.” सही मात्र माझ्याहून मोठी केली.

सोम. १० मार्च

पत्र रवाना, नोंदणीकृत, पोस्टाची पावती ११.२० ची. सोबत जोडपत्रे चार. पहिल्या मसुद्यात मापे क्र. १ होती आणि निवेदन क्र. ४. टंकन करताना क्रम बदलला. जोडपत्र १: श्रीमती एस्तेर यांचे निवेदन. मग शिळेची मापे. मग कोपऱ्याची छायाचित्रे. तुळया शेवटी, त्या दिसायला मला बत्तीस वर्षे लागली, त्यांनी थोडे थांबायला हरकत नाही.

शनि. १५ मार्च

उत्तर नाही. दोन दिवस आहेत, त्यातला एक रविवार. घंटेच्या मनोऱ्यावरचा हिरवा पतंग वाऱ्याने सुटला. लाल दोन्ही आहेत.

जेसीबीवाल्याचा फोन, सोमवारी यायचे का. म्हणालो, सकाळी नऊला कळवतो.

धनराज मिस्त्रींना मी फोन केला. नरखेडची पहिली एसटी धरा आणि सोमवारी या, असे सांगितले. काम कोणते, ते सांगता आले नाही.

“साहेब, बांधाले थापी आणू का पाडाले सब्बल?”

“दोन्ही आणा.”

“बरं,” ते म्हणाले. “संत्रे पण आणतो.”